खानदेशातील गणित आणि गुणाकाराचा क्रम

खानदेशातील चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, व निकुंभवंशीय सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्यास वृत्ती लावून दिली. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली प्रसिद्धीस आणलेल्या तेथील शिलालेखाच्या मराठी भागात बाजारातील मालाचा काही हिस्सा मठास मिळावा अशी तजवीज आहे. पेठेच्या उत्पन्नावर गणिताचे अध्ययन चालावे, ही गोष्ट मला राजाश्रयाहूनही मोलाची वाटते.

भास्कराचार्यांच्या शके १०७२ मधील ‘लीलावती’ या ग्रंथात १३५ ला १२ ने गुणावयाचे उदाहरण असून, त्या एकाच गुणाकारासाठी आचार्य अनेक रीती सांगतात. बाराचे ८ आणि ४ असे खंड पाडून १०८० व ५४० यांची बेरीज करावी, ही त्यांतील एक. परंतु १३५ ला आधी ४ ने गुणावे आणि आलेल्या ५४० ला ३ ने गुणून १६२० मिळवावे, ही रीत अधिक अर्थगर्भ होय, कारण (१३५ × ४) × ३ आणि १३५ × (४ × ३) यांचे फल एकच असते ही जाण, म्हणजेच बीजगणितातील साहचर्य गुणधर्म, तिच्या मुळाशी आहे. प्रथम ३ ने गुणून ४०५ आणले व मग ४ ने गुणले, तरी फल ढळत नाही. येथे क्रमनिरपेक्षतेचाही, म्हणजे ४ × ३ आणि ३ × ४ यांचे फल एकच असते या गुणधर्माचाही, आधार लागतो. खंडीचे २० मण व मणाचे ४० शेर या कोष्टकाने शेराच्या दरावरून खंडीची किंमत काढणाऱ्यास आधी ४० ने गुणावे की २० ने, याची मुभा असे, ती याच दोन गुणधर्मांमुळे.

क्रम सर्वत्र गौण असतो असे मात्र नव्हे. ५ ला २ ने गुणून ३ मिळविल्यास १३ येतात, आधी ३ मिळवून मग गुणल्यास १६. म्हणूनच अज्ञात राशी शोधण्याच्या व्यस्तविधीत आचार्य प्रत्येक क्रिया उलटी, आणि शेवटच्या क्रियेपासून आरंभाकडे, करावयास लावतात. १८१४ साली फ्रान्समधील गणिती सर्व्हुआने क्रमनिरपेक्षतेस नाव दिले; पुढे १६ ऑक्टोबर १८४३ रोजी आयरिश गणिती हॅमिल्टनला सापडलेल्या क्वाटर्निअन नामक चतुर्घटकी संख्यांच्या गुणाकारात ती क्रमनिरपेक्षता लोपली, साहचर्य तेवढे अबाधित राहिले.