कुपवाडचं व्याकरण आणि माझं 'आलो'

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड जरा घरचा आहे.

मी मिरजेची. इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात होस्टेलच्या खालून मैत्रिणीने हाक मारली आणि मी वरून ओरडले, "आलो, आलो!" सगळा मजला हसला. "आलो काय? मुलगी आहेस की मुलगा?"

आमच्याकडे आई 'जातो' म्हणते, आज्जी 'जेवलो' म्हणते, कुणाला काही वाटत नाही. पण महिनाभरात मी 'आले', 'गेले', 'जेवले' घोटून घेतलं. घरी फोनवरसुद्धा. एकदा आज्जी म्हणाली, "पुण्याची झालीस गं." कौतुकाने म्हणाली की टोचून, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी 'भाषाविज्ञानाची ओळख' हा विषय घेतला. खरं कारण सांगू? सोपा आहे असं सीनियर म्हणाले होते. पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: 'पाला जरा कापून घेऊन आलो.' म्हणाले, हे वाक्य भाषाविज्ञान शिकणारी मुलं जगभर वाचतात. कुठलं असेल?

उत्तर होतं कुपवाड.

अहो, कुपवाड! आमच्यासाठी कुपवाड म्हणजे एमआयडीसी, मामाची शिफ्ट. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेतलं तिसरं नाव, बस्स. पण १९७१ साली जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांचा एक लेख छापून आला आणि हे गाव अभ्यासक्रमात जाऊन बसलं.

गम्पर्झ हा माणूस आपल्या जातकुळीतला आहे. जर्मनीत ज्यू घरात जन्म, नाझींमुळे देश सुटला, अमेरिकेत पदवी घेतली ती रसायनशास्त्रात. मग वळला भाषेकडे. उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात राहून तिथली बोली अभ्यासली. त्याच सुमारास, म्हणजे १९५०च्या दशकात, पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाविज्ञानाची शिबिरं भरत होती. कॉलेजात शिकवणाऱ्या तरुण भारतीय प्राध्यापकांना भाषा ऐकायची कशी, टिपायची कशी, हे तिथे शिकवलं जायचं. तिथे शिकवायला आलेल्यांत गम्पर्झही होते. आपल्याकडे व्याकरण पाणिनीपासून होतं. पण शेतातला माणूस आज काय बोलतो ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, दुरुस्त करायचं नाही, ही शिस्त कॉलेजांत पोचायला अशा शिबिरांनी मोठा हातभार लावला.

आता गाव बघा. तेव्हाचं कुपवाड तीन हजारांच्या आसपास वस्तीचं. जमीन मुख्यतः दोन समाजांकडे: घरी कन्नड बोलणारे जैन आणि घरी दख्खनी उर्दू बोलणारे मुसलमान. लिंगायत कारागीरही कन्नड बोलणारे. घरात मराठी बोलणारे बरेचसे दलित, भूमिहीन मजूर. शिवाय दोर वळणारी काही तेलुगू कुटुंबं. आणि यांतले बहुतेक शेकडो वर्षं एकाच गावात. बहुतेक पुरुषांना दोन-तीन भाषा सहज यायच्या.

फळ्यावरच्या वाक्याशेजारी सरांनी कुपवाडचं उर्दू वाक्य लिहिलं: 'पाला जरा काट के ले के आया.' बोट ठेवून वाचा. पाला–पाला, जरा–जरा, कापून–काट के, घेऊन–ले के, आलो–आया. एकास एक. कन्नडमध्येही तेच: शब्द कन्नड, पण त्याच क्रमाने तेवढेच तुकडे. आणि 'जरा' मात्र तिन्हीकडे 'जरा'च.

लक्षात येतंय का? मराठी आणि उर्दू एका कुळातल्या, कन्नड द्राविडी, म्हणजे मुळात नातंच नाही. तरी व्याकरण जवळजवळ एक झालेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड एक, फ्रंटएंड तीन. (उपमा थोडी लंगडी आहे, कारण इथे आर्किटेक्ट कुणीच नव्हता. कुणी मीटिंग घेतली नव्हती.)

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी. प्रमाण कन्नडमध्ये 'हे तुमचं घर आहे' म्हणताना 'आहे' लागत नाही. 'इदु निम्म मने' एवढंच पुरतं. कुपवाडची कन्नड तिथे क्रियापद घालायला लागली, मराठी-उर्दूसारखं. उलट बाजूने, कन्नडमध्ये लिंग साधारण अर्थावरून ठरतं: पुरुष, बाई, बाकी सगळं नपुंसक. कुपवाडच्या मराठीने ते उचललं. तिथे नदी 'आली' नाही, 'आलं'.

मग प्रश्न येतो की एवढं एक झालं तर तीन भाषा उरल्या कशाला? एकच का नाही झाली? मला या लेखातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो. गम्पर्झ-विल्सन म्हणतात, शब्द वेगळे राहिले कारण वेगळं राहायचं होतं. घरातली भाषा म्हणजे आपली जात, आपला समाज. ती सोडणं म्हणजे कुंपण मोडणं. आणि दोन समाजांची माणसं भेटली की बोलायचे मराठीत, कारण जमीनवाल्या दोन्ही समाजांपैकी ती कुणाचीच घरची भाषा नव्हती. कुणाचा वरचष्मा नको. व्याकरण मात्र कुंपणाखालून जात राहिलं, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

हा शेवटचा शब्द नाही हं. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी कुपवाडच्या भाषा पुन्हा तपासल्या आणि या मांडणीची चिकित्सा केली. शास्त्र म्हटलं की हे आलंच; जुना कोड कुणीतरी रिव्ह्यू करायलाच हवा.

त्या तासाला मी मात्र शेवटच्या शब्दावर अडकले होते. आलो. कन्नडमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' या दोन्हींना एकच रूप आहे, 'बंदे'. बाई म्हणो की पुरुष. फरक दिसतो तो तिसऱ्या व्यक्तीबद्दल बोलताना: तो 'बंद', ती 'बंदळु'. आता आमच्या आज्जीचं ऐका. स्वतःबद्दल 'मी आलो'. शेजारणीबद्दल? 'ती आली'. कधीही 'ती आला' नाही. चूक असती तर कधीतरी इकडेतिकडे घसरली असती ना? ऐंशी वर्षांत एकदाही नाही. म्हणजे हा नियम आहे, आणि तो नेमका कन्नडच्या साच्यात बसतो. शेजारामुळेच हे झालं असावं असं माझं मत. होस्टेलच्या मजल्यावर हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच.

आता इतकं कळल्यावर मी लगेच 'आलो' बोलायला लागले का? नाही. ऑफिसच्या कॉलवर आजही 'आले'च निघतं. जीभ एकदा वळली की वळली. आणि आता मुद्दाम 'आलो' म्हटलं तर नाटकी वाटतं, याचा मला राग येतो.

गेल्या दिवाळीत रात्रीच्या गाडीने मिरजेला पोचले. पहाटे पाचला दार वाजवलं. आतून आज्जीचा आवाज, "कोण हाय?"

झोपेत होते, बॅग जड होती. म्हटलं, "मी. आलो."

"हं," आज्जी म्हणाली, "चपला भाईरच काढ."