‘काळें बेट’ या चित्रकथेचे तीन पाठ

पोथीचा काळ ठरवितांना अक्षराच्या वळणास जें महत्त्व, तेंच चित्रकथेच्या परीक्षणांत रेषेच्या वळणास आहे. बेल्जमच्या चित्रकथांत दोन संप्रदाय मानितात. पहिला ब्रुसेल्सचा, म्हणजे टिनटिनचा कर्ता एर्जे याचा. यांत रेषा सर्वत्र सारख्या जाडीची, छाया जवळजवळ नाहीं, रंग सपाट, संवादाच्या चौकटी काटकोनी. दुसरा शार्लरोआजवळील मार्सिनेल गांवचा. तेथून १९३८ सालीं ‘स्पिरू’ साप्ताहिक निघालें. जिजे व त्याचा शिष्य फ्रांकें यांची रेषा कुंचल्याची, कोठें जाड तर कोठें बारीक. पात्रें धांवतांना ताणतात, आणि संवादाचे फुगे वाटोळे. पहिल्या संप्रदायास ‘स्वच्छ रेषा’ हें नांव योस्त स्वार्त या डच चित्रकारानें १९७७ सालीं दिलें; म्हणजे नांव संप्रदायाहून बरेंच अर्वाचीन.

येथवर वाद नाहीं. परंतु एर्जेची रेषा आरंभापासूनच इतकी नेमस्त होती असें जें सर्रास गृहीत धरितात, तें आम्हांस मान्य नाहीं. हा समज बहुधा मागाहून काढलेल्या चित्रांवरून झालेला आहे. ‘काळें बेट’ हीच कथा घ्या. पहिला पाठ १९३७-३८ चा, केवळ काळ्या शाईचा. दुसरा १९४३ चा, रंगीत. तिसरा १९६६ चा, अथपासून इतिपर्यंत नव्यानें काढिलेला. इंग्रज प्रकाशकांनीं ब्रिटनच्या चित्रणांतील १३१ चुकांची यादी दिली, तेव्हां एर्जेनें आपला सहायक बॉब द मोर यास तेथील स्थळें पाहण्यास धाडिलें. तिसऱ्या पाठांतील पार्श्वभूमी पुष्कळशी त्याच्या श्रमाची; विमानें तर रोजे ललू याच्या हातचीं. कथा तीच, लेखनिक मात्र बदलले. आणि आपल्याकडे प्रचलित असलेलें इंग्रजी पुस्तक या तिसऱ्या पाठाचेंच आहे! अशा नकलेवरून मूळ कर्त्याचें वळण कोण ठरवील?

पहिल्या पाठांत मोकळी जागा अधिक, रेषाही अधिक उतावीळ. अमेरिकेचा जॉर्ज मॅकमॅनस व फ्रान्सचा आलँ सँतोगाँ यांचें ऋण शोधावयाचें तें येथेंच. १९३४ सालीं चांग चोंगरेन या चिनी विद्यार्थ्याची एर्जेशीं गांठ पडली. त्यानें एर्जेस चिनी कुंचल्याची ओळख करून दिली. ‘नील कमल’ कथेंतील पाट्यांवरची चिनी अक्षरें त्याच्याच हातचीं. तेव्हां कुंचला तेवढा मार्सिनेलचा, ही वाटणीही आम्हांस फारशी पटत नाहीं.