क्ष म्हणजे अज्ञात : सीटी स्कॅनच्या इतिहासातील रुग्ण

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाला पोटाचा सीटी स्कॅन करून घ्यावा लागला. सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला होता. तो कशाचा, हे त्या तपासणीवरून सांगता येत नव्हते. दुसरा सोबतीला म्हणून बाहेरच्या बाकावर बसला. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, दोघेही चाळिशी ओलांडलेले. एकाने आत आणि दुसऱ्याने बाहेर जे अनुभवले, त्यामुळे या यंत्राचा इतिहास वाचण्याची ओढ आम्हांला लागली. तो वाचताना एक गोष्ट वारंवार खटकली. यंत्र कोणी कल्पिले, गणित कोणी मांडले, पारितोषिक कोणाला मिळाले, हे सारे त्यात नावानिशी आहे. त्या फळीवर निजलेल्या माणसाला मात्र त्यात जवळजवळ जागा नाही.

प्रारंभ शब्दापासून करू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे जे किरण आढळले, त्यांचे स्वरूप ठाऊक नसल्यामुळे त्यांनी त्यांस गणितातील अज्ञाताचे अक्षर दिले. मराठीने त्या अक्षराचे नुसते लिप्यंतर केले नाही. आपल्या बीजगणितातील अज्ञात जो ‘क्ष’, तोच उचलला. त्यामुळे ‘क्ष-किरण’ या शब्दात मूळचा अर्थ शाबूत राहिला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राँटगेन यांनी पत्नी ॲना बेर्था यांच्या हाताची प्रतिमा घेतली. हाडे आणि बोटातली अंगठी पाहून आपले मरणच दिसल्याचे त्या म्हणाल्या, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, या इतिहासात तपासल्या गेलेल्या व्यक्तीचा उद्गार नोंदवला जाण्याचे असे प्रसंग फार थोडे.

क्ष-किरणांची प्रतिमा ही अखेर सावलीच. पुढचे, मागचे, मधले सारे एकावर एक पडते. मेंदूच्या बाबतीत तर कवटीचे हाड सारेच झाकून टाकते. यावर अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८-१९ मध्ये तोड काढली ती अशी : मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरावयाची आणि मग फोटो घ्यावयाचा. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत पाठीच्या कण्यात सुई घालून द्रव काढून घेत, त्या जागी हवा सोडत, आणि ती हवा मेंदूत हवी तिथे पोहोचावी म्हणून रुग्णाला निरनिराळ्या अवस्थांत फिरवीत. असह्य डोकेदुखी, ओकाऱ्या, आणि हे पुढे कित्येक दिवस. निदानासाठी रुग्णाने एवढे सोसणे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत सर्वमान्य होते. सीटी स्कॅनने काय दिले याचे मोजमाप करावयाचे तर ते इथून करावे लागते.

तोड गणितात होती, आणि ती बरीच आधीपासून होती. ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते की एखाद्या आकृतीतून सर्व दिशांनी जाणाऱ्या रेषांवरील बेरजा कळल्या, तर मूळ आकृती परत मिळवता येते. केप टाऊनच्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयात १९५६ मध्ये भौतिकीचे काम पाहणाऱ्या ॲलन कॉरमॅक यांना राडोन ठाऊक नव्हते. त्यांनी तोच प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला आणि १९६३ व १९६४ साली दोन लेख प्रसिद्ध केले. प्रतिसाद जवळपास शून्य. लेखाची प्रत मागणाऱ्या मोजक्या पत्रांपैकी एक स्वित्झर्लंडच्या हिमप्रपात संशोधन केंद्राचे होते! डोंगरावरचा बर्फ मोजण्यास हे गणित उपयोगी पडेल काय, ही त्यांची विचारणा होती.

यंत्र उभे केले ते इंग्लंडमधील ईएमआय कंपनीतील गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. शेतकऱ्याचा हा मुलगा विद्यापीठीय पदवीधर नव्हता, ही गोष्ट आमच्यासारख्या पदव्या वाटणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. जुन्या लेथच्या सांगाड्यावर बसवलेल्या त्यांच्या पहिल्या उपकरणाला एका छेदाची मोजमापे घेण्यास ९ दिवस लागत. अर्थातच तिथे जिवंत माणूस निजू शकत नव्हता.

माणूस आला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. चाळिशीतील एक स्त्री. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय. क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स अँब्रोझ यांच्या देखरेखीखाली तिचे डोके रबरी टोपीसारख्या पडद्यातून पाण्याने भरलेल्या पेटीत सरकवण्यात आले. किरण डोक्याच्या एका बाजूने दुसरीकडे जाताना १६० ठिकाणी मोजले जात, मग सारी चौकट एका अंशाने वळे, पुन्हा १६०. असे १८० वेळा. म्हणजे २८,८०० मोजमापे. प्रत्येक फेरीस चार-पाच मिनिटे, आणि अशा अनेक फेऱ्या. डोके जराही हलले तर सारे व्यर्थ. ही मोजमापे चुंबकीय फितीवर नोंदवून कंपनीच्या संगणकाकडे नेण्यात आली. तिथे मेंदूच्या त्या छेदाचे ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० चौकोन कल्पिले होते. प्रत्येक चौकोन एक क्ष. चित्र परत आले तेव्हा त्यात गाठ स्वच्छ दिसत होती, आणि शस्त्रक्रियेत ती चित्राप्रमाणेच निघाली.

१९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कॉरमॅक व हाउन्सफील्ड यांना विभागून मिळाले. क्ष-किरण किती शोषले गेले हे सांगणाऱ्या अंकांनाही हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे : पाणी शून्य, हवा उणे १,०००. सहा हजार चारशे क्ष सुटले. त्या स्त्रीचे नाव मात्र आम्ही वाचले त्या कोणत्याही वृत्तांतात आले नाही. रुग्णाची गुप्तता राखणे उचितच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु नावाखेरीजही माणसाविषयी पुष्कळ सांगता येते. पाण्याच्या पेटीत डोके ठेवून निश्चल पडून असता तिला काय वाटले? आदल्या रात्री तिला कोणी काय समजावून सांगितले होते? मोजमापे अचूक आली त्यात तिच्या निश्चलतेचा वाटा होता, आणि तो वाटा यंत्राच्या खात्यावर जमा झाला.

उलट बीटल्सची गोष्ट मात्र सर्वतोमुखी आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ईएमआय काढी; त्या विक्रीच्या पैशांतून सीटी स्कॅन जन्मला, असे सांगतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने हिशेब तपासून दाखवले की ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने घातलेला पैसा कंपनीपेक्षा बराच अधिक होता. म्हणजे इथेही अनाम करदाता गळला आणि प्रसिद्ध नाव उरले.

आमच्या स्कॅनची तयारी त्या मानाने किरकोळ. चार तास उपाशीपोटी राहणे. मूत्रपिंडे ठीक आहेत ना हे पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन. दमा, ॲलर्जी, मधुमेहाच्या गोळ्या यांची चौकशी. आणि एका संमतिपत्रावर सही. इंग्रजी संमतिपत्र भाषेच्या अध्यापकानेही न वाचताच सही केले, हे कबूल केलेले बरे. घड्याळ, साखळी आणि करदोट्यातली चांदीची पेटी काढून बाहेर बसलेल्याच्या हाती देण्यात आली. मग दंडात सुई, आणि तीतून आयोडीनयुक्त औषध. ते शिरताच घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब धावत जाते, तोंडाला धातूची चव येते, आणि क्षणभर आपल्याला लघवी झाली असेच वाटते. हे आधी सांगितले होते म्हणून निभावले. न सांगता घडते तर माणूस उठूनच बसता. औषध यकृतात कसे भरते हे पाहण्यासाठी थोड्या थोड्या अंतराने तीन फेऱ्या झाल्या.

‘श्वास घ्या, रोखा’ हे सांगणारा आवाज ध्वनिमुद्रित होता, आणि इंग्रजी होता. आमच्या आधी आत गेलेल्या नऊवारीतल्या आजींना तो कळेना. शेवटी तंत्रज्ञ मुलगा काचेपलीकडून माइकवर म्हणाला, “आजी, दम धरा. धरला का? धरून ठेवा बरं.” बाहेर ऐकू येणारे ते वाक्य बाकावरच्या प्रत्येकाने पाळले. आमच्यापैकी बाहेर बसलेल्यानेही, हातात चांदीची पेटी धरून.

आजींच्या मुलाने फोनवर कोणाला तरी सांगितले, “आईचा मोठा फोटो काढला.” क्ष-किरणचित्राला खेड्यापाड्यांत फोटोच म्हणतात, आणि सीटी स्कॅन हा त्यातला मोठा.

अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. औषध डागाच्या कडेकडून आत हळूहळू भरत गेले होते. त्यावरून ती रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ ठरली. पाकिटातील फिल्मवर चौकोनाचौकोनांत पोटाचे छेद मांडलेले आहेत आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय व लिंग छापलेले आहे. आडनावाचे स्पेलिंग चुकले आहे. दुरुस्त करून घेण्यासाठी आम्ही काही परत गेलो नाही.