वेन आकृती: 'दोन्ही' आणि 'फक्त' यांचा घोळ कसा सोडवायचा?

एका कार्यालयात 60 जण आहेत. 38 जण चहा घेतात, 27 जण कॉफी. बेरीज केली तर 65! ही पाच माणसे जास्तीची आली कुठून? कुठूनच नाही. दोन्ही घेणारे दोनदा मोजले गेले, इतकेच.

नववीच्या 'संच' प्रकरणात आणि स्पर्धा परीक्षांत येणारी अशी उदाहरणे वेन आकृतीने झटपट सुटतात. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1880 मध्ये ही पद्धत मांडली. वर्तुळांनी तर्क दाखवण्याची कल्पना त्याआधी ऑयलर यांनीही वापरली होती.

समजा, दोन्ही घेणारे 12 आहेत. आधी एक चौकोन काढा, म्हणजे सगळे 60 जण. त्यात एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे काढा. आकडे भरायला सुरुवात नेहमी मधल्या सामाईक भागापासून करायची. तिथे 12 लिहा. फक्त चहा घेणारे 38 − 12 = 26, फक्त कॉफी घेणारे 27 − 12 = 15. तिन्ही भाग मिळून 53. उरलेले 7 जण काहीच घेत नाहीत. त्यांची जागा चौकोनात, पण वर्तुळांबाहेर.

चूक होते ती चहाच्या उरलेल्या भागात थेट 38 लिहिल्याने. उदाहरणात 'फक्त' हा शब्द नसेल, तर त्या 38 मध्ये दोन्ही घेणारेही धरलेले असतात. हे एक कळले की सूत्र पाठ नसले तरी अडत नाही.

तीन वर्तुळांत हाच सापळा पुन्हा येतो. 100 मुलांपैकी क्रिकेट 50, कबड्डी 40, खो-खो 30 जण खेळतात. क्रिकेट व कबड्डी 18, कबड्डी व खो-खो 12, क्रिकेट व खो-खो 10, तिन्ही खेळ 5. इथे 18 मध्येही तिन्ही खेळणारे 5 जण आहेत. म्हणून मध्यभागी 5 लिहून दोन-दोन खेळांच्या भागांत 13, 7 आणि 5 येतात. मग फक्त क्रिकेट 50 − 13 − 5 − 5 = 27. तसेच फक्त कबड्डी 15, फक्त खो-खो 13. एकूण 85, म्हणजे 15 मुले यातले काहीच खेळत नाहीत.

आणि चहा-कॉफीच्या उदाहरणात 'दोन्ही'चा आकडा दिलाच नसता तर? नेमके उत्तर निघत नाही, पण मर्यादा सांगता येतात. माणसे 60 च असल्याने दोन्ही घेणारे किमान 5 असणारच. जास्तीत जास्त 27, म्हणजे कॉफी घेणारा प्रत्येक जण चहाही घेत असेल तेव्हा.