लेखकांची आंतरजालीय साधने (मराठी)

मराठीत लिहिणाऱ्यांना संगणकावर वा मोबाइलवर उपलब्ध असलेले कोश, संदर्भग्रंथ आणि टंकलेखनाच्या सोयी. लातूर–बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या गावातल्या लेखकाला पूर्वी मोठा कोश पाहायचा तर शहरातले ग्रंथालय गाठावे लागे. आता खिशातला फोन पुरतो.

यांत सर्वांत मोलाचे कोशच. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (1831, सुधारित आवृत्ती 1857) आणि दाते–कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. शब्दाचे अर्थ, वाक्प्रचार आणि जुने प्रयोग एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून ललित लेखकाने दाते–कर्वे नित्य उघडावा. माहितीपर लेखनासाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत सुरू झालेला मराठी विश्वकोश आहे. त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला. मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे, मात्र त्यातली माहिती पडताळूनच वापरावी.

टंकलेखनात युनिकोडने मोठी अडचण दूर केली. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक युनिकोडमध्ये अचूक राखता येतो.

उणीव बोलींची आहे. मराठवाडी बोलीत लिहिणाऱ्याला शुद्धलेखन तपासनीस अनेकदा अस्सल शब्दच चूक ठरवून दाखवतो. अशा वेळी तपासनिसाची सूचना न स्वीकारता बोलीतला शब्द तसाच ठेवावा.