पोथीची दुसरी प्रत

आषाढी वारीला निघालेली तुकोबारायांची पालखी दरवर्षी आपल्या बारामतीवरून पुढे सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी असे मुक्काम करीत इंदापुरास येते. दिंडीतल्या माणसाला अभंग तोंडपाठ असतात. ते आपल्यापर्यंत पोचले कसे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तेरा दिवसांनी त्या वर आल्या, ही भाविकांची श्रद्धा. इतिहासाचा अभ्यासक त्यात आणखी एक गोष्ट पाहतो. चाकणचे संताजी जगनाडे यांच्यासारखे टाळकरी अभंग लिहून ठेवीत असत, असे परंपरा सांगते. पुढे १८६९ साली मुंबई सरकारच्या आश्रयाने गाथा छापण्यास प्रारंभ झाला. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथली हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहिली. चार ठिकाणी प्रती होत्या, म्हणूनच त्या ताडता आल्या.

आता आपल्या गावचीच गोष्ट घेऊ. मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. तरुणपणी ते बारामतीस आले आणि बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने कऱ्हेच्या काठी पुराण सांगत, आर्या रचीत, १७९४ साली इथेच वारले. त्यांच्या हयातीत त्यांची ओळ छापली गेली नाही, कारण नागरी लिपीतली मराठी छपाई अजून सुरूच व्हायची होती. मग ही कविता महाराष्ट्रभर गेली कशी? नकला करून! कोणी पुराणिक यायचा, बाड मागून घ्यायचा, बोरू आणि काजळाची शाई घेऊन जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर उतरवून काढायचा आणि मूळ बाड परत द्यायचा. नकलेची नक्कल दुसऱ्या गावी व्हायची. पोथीच्या शेवटी नकलकार विनवणी करीत : जसे पाहिले तसे लिहिले, मला दोष देऊ नका, पोथी तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा. मग ती बासनात बांधून ठेवायची.

नकलकार काही देवमाणूस नव्हता. चुका व्हायच्या, पदरच्या ओळीही घुसडल्या जायच्या. पंतांचे 'निरोष्ठ रामायण' घ्या. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरे त्यात मुळीच नाहीत. नकलकाराच्या हातून एखादा 'म' शिरला की चोरी लगेच उघडी! (शिक्षक बंधूंनी मुलांना अशा दोन ओळी रचायला सांगाव्यात, मोठी गंमत येते.) पण बाकीच्या ग्रंथांत चूक सापडायची ती दुसरी प्रत शेजारी ठेवूनच. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली तीही अशाच प्रती मिळवून. पुढे १८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोल्यांच्या 'नवनीता'तून मोरोपंत शाळेतल्या मुलांच्या हाती छापील रूपाने आले. त्यामागे आठ-नऊ दशकांचे हे लेखनकाम होते. त्यासाठी कोणी कोणाची लेखी परवानगी मागितल्याचे दिसत नाही. ज्याच्या घरी पोथी, तो तिचा मालक आणि राखणदारही.

आज आपण पुस्तक मोबाईलवर विकत घेतो. निदान तसे म्हणतो तरी. किंडलवर २०१६ च्या अखेरीस मराठी पुस्तके आली, आणि इंदापूरच्या एखाद्या वाडीवरच्या मास्तरांना पुण्याची खेप न घालता कादंबरी मिळू लागली. ही सोय लहान नाही. परंतु अटी नीट वाचल्या तर कळते, की आपण पैसे देतो ते वाचण्याच्या परवान्याचे. पुस्तक कंपनीच्या संगणकावर, वर कुलूप, आणि किल्ली आपल्या खात्याशी बांधलेली. वडिलांचे पुस्तकांचे कपाट मुलाकडे येते. हा परवाना दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. २००९ साली याच कंपनीने, हक्काच्या वादातून, जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून दूरवरूनच पुसून टाकली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. पैसे परत मिळाले, पण पुस्तके उघडेनात आणि पानांवर केलेल्या टिपाही गेल्या.

तरी एक खिडकी उघडी होती. घेतलेल्या पुस्तकाची फाईल संगणकावर उतरवून, तारेने यंत्रात घालता येत असे. पुष्कळ लोक ती फाईल जपून ठेवीत. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी किंडलने ही सोय काढून घेतली. कुलूपबंद पुस्तक वाचता येते, परंतु ते कंपनीच्या वाटेनेच येते. म्हणजे अशा पुस्तकांपुरती बाड घरी आणून उतरवून घ्यायची जुनी रीत इथे संपली.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. मोरोपंतांना नाईकांचा आधार होता; आजचा लेखक प्रतींच्या विक्रीवर जगतो आणि फुकट नकलांनी त्याचे पोट मारले जाते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम घातले गेले, ते हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगते. त्याच कायद्यात खासगी वापरासाठी रास्त सूटही आहे. पण सूट असून उपयोग काय, फाईलच हाती नसेल तर? माझ्या मते अडचण नेमकी इथे आहे. चोराला अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणात मालकच आत अडकला आहे. आणि १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्याव्या लागतात. तो कायदा छापील पुस्तकांपुरता आहे. केवळ ई-पुस्तक म्हणून निघालेली कादंबरी कोणत्या बासनात बांधली जाणार?

शिक्षकांच्या उपयोगाचे सांगायचे तर, बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके उतरवून घेता येतात, शाळेच्या संगणकावर आणि पेनड्राइव्हवर ठेवता येतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचा हक्क संपतो, त्यामुळे तुकोबा आणि मोरोपंत यांच्या मूळ रचनांना कुलूप नाहीच. आजच्या लेखकाच्या ई-पुस्तकाला कुलूप लावायचे की नाही, हे बहुधा प्रकाशकाला ठरवता येते. वाचनालयासाठी खरेदी करण्याआधी प्रकाशकाला तेवढे एक पत्र टाकून विचारावे.