विमानातला वेलिणकर

१० जून १९१८. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली होती. सरकारला माणसे हवी होती. टिळक बोलायला उठले, स्वराज्याचा विषय निघाला आणि गव्हर्नरने त्यांना मध्येच अडवले. टिळक सभेतून निघून गेले.

भरतीला त्यांचा विरोध नव्हता. लढायला जाणाऱ्या हिंदी तरुणाला अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी सरकारकडून तशी हमी मिळवावी, मग महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिल्यास ही रक्कम जप्त, असा पन्नास हजारांचा चेकच त्यांनी गांधीजींकडे धाडला. तो परत आला.

त्याच महिन्यात मुंबईच्या नामांकित घराण्यातला एक तरुण तो हुद्दा खांद्यावर घेऊन फ्रान्सच्या आभाळात लढत होता. लेफ्टनंट श्रीकृष्ण चंद्र वेलिणकर, २३ नंबरची स्क्वाड्रन. त्याचे विमान सॉपविथ डॉल्फिन. एकट्याने उडवायचे हे विमान मोठे विचित्र होते. वैमानिकाचे डोके वरच्या पंखातल्या चौकटीतून बाहेर निघायचे. नजर चौफेर फिरे खरी, पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात मानेवर. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूटही नसे. २७ जूनला वेलिणकर गस्तीवरून परतला नाही. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती सापडला आणि ३० जूनला वारला. आमियाँजवळच्या हाँगार गावात त्याची कबर आहे.

हे दार त्याला उघडले कसे? तो केंब्रिजचा, जीझस कॉलेजचा विद्यार्थी. त्या युद्धात ब्रिटिश हवाईदलात गेलेल्या मोजक्या हिंदी वैमानिकांपैकी हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डचा. मलिकला आधी नकारच मिळाला होता. त्याच्या प्राध्यापकाने वर शब्द टाकला, तेव्हा काम झाले. इंद्रलाल रॉय लंडनच्या शाळेतून आला. तेरा दिवसांत दहा विमाने पाडून २२ जुलैला तो पडला, वय अवघे एकोणीस. तिघेही स्वखुशीने गेले, हे खरे. पण वशिला नि विलायतेचे शिक्षण नसते, तर नुसत्या खुशीला कोणी विचारले नसते.

इकडे औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाचे लान्सर्स पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. इंग्रजी अमलातल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. त्या पलटणींतल्या हिंदी माणसाची मजल फार तर सुभेदार-मेजरपर्यंत. कालपरवा दाखल झालेला गोरा लेफ्टनंटही त्याच्या वरचा.

सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात हिंदी मुलांसाठी १९१८ मध्ये जागा निघाल्या, वर्षाला दहा. क्रॅनवेलला वैमानिकी शिकायला हिंदी मुलांची पहिली तुकडी १९३० मध्ये गेली आणि हिंदी हवाईदल उभे राहिले ते ८ ऑक्टोबर १९३२ रोजी.